सिमांगची एक्केचाळिसावी जोडी

सान ओनोरिओ गावात लग्न ठरलं की तीन गोष्टी आधी पक्क्या व्हायच्या: चर्चची तारीख, मेजवानीचं डुक्कर आणि आलिंग सिमांग. पुष्कळजण सिमांगला डुकराच्याही आधी विचारायचे, आणि याचा तिला फार अभिमान होता. डुकराचं मत कुणी घेतलं नाही.

कागदोपत्री नाव फेलिसिसिमा दिमाकुलांगान, पण एवढं नाव घेईपर्यंत बस निघून जाते, म्हणून सिमांग, आणि मान म्हणून पुढे आलिंग, म्हणजे मावशी. वय चौसष्ट, उंची चर्चच्या बाकाच्या पाठीएवढी, आवाज मात्र थेट घंटेचा. सकाळी ती केळीच्या पानात वळलेली चिकट भाताची सुमान विकायची आणि उरलेला दिवस निनांग असायची. निनांग म्हणजे लग्नातली धर्ममाय. वेदीपाशी उभं राहायचं, वहीत सही ठोकायची आणि पुढे जोडप्याचं वाजलं की निस्तरायला जायचं. हा मान लोक सहसा जिचा मुलगा दुबईत आहे नाहीतर मेहुणा नगरपालिकेत आहे, अशा बाईला देतात. सिमांगकडे दुबई नव्हती आणि नगरपालिकाही नव्हती. तिच्याकडे आकडा होता. सत्त्याऐंशी लग्नं लावली, मोडलं एकही नाही.

बैठकीच्या भिंतीवर सत्त्याऐंशी फोटो, प्रत्येकाखाली नंबर. पाहुणा आला की आधी बराको कॉफी आणि मग भिंत.

"हे बारा नंबर. हिने नवऱ्याच्या डोक्यात भाताचं पातेलं घातलं होतं. आज बघा, पाच नातवंडं! हे त्रेपन्न नंबर. हे पाच दिवस टिकले हं माझ्यासमोर. हट्टी!"

"समोर टिकले" म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भांडणाची खबर लागली की सिमांग चटई गुंडाळायची, उशी काखेत मारायची आणि त्या घराच्या दारात उभी राहायची. "आला, ए!" म्हणजे तिचं 'अगंबाई'. "दोन दिवस राहायला आलेय. तुम्ही निवांत भांडा, माझ्याकडे लक्ष देऊ नका."

लक्ष न देणं शक्यच नसायचं. पहाटे चारला ती जपमाळ सुरू करायची, तीही मोठ्याने, आणि दर दहा मण्यांनंतर घरातल्या एकेकाची पापं नावानिशी देवमातेला कळवायची. माशात मीठ कमी आहे, हे ती तीन घरं ऐकू जाईल असं सांगायची. कवळी पाण्याच्या पेल्यात ठेवायची, आणि पेला नेमका नवऱ्याचा असायचा. दोघांच्या मधोमध चटई टाकून झोपायची आणि असं घोरायची की खालच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून कुजबुज यायची. महिनाभर एकमेकांशी न बोललेली तोंडं उघडायची.

"ही कधी जाणार?"

"तू सांग तिला."

"तू सांग, निनांग तुझ्या बाजूची."

"बरं बाबा, दोघं मिळून सांगू."

'दोघं' हा शब्द तोंडातून निघाला की संसार सांधला. संध्याकाळी जोडपं हातात हात घालून सिमांगला निरोप द्यायला वेशीपर्यंत यायचं. ती खरंच जातेय ना, हेही बघायचं असायचं. सिमांग घरी येऊन देवमातेपुढे मेणबत्ती लावायची. श्रेय सगळं जपमाळेचं.

तिचा नवरा गोडिंग. नावात गोड, जिभेवर चिंच. दिवसभर ओट्यावर बसून बाटल्यांच्या बुचांनी सोंगट्या खेळायचा, समोर कुणी नसेल तर दोन्ही बाजूंनी.

"अगं, साप निघाला की भांडणारी मांजरंही एक होतात," तो म्हणायचा. "त्यात सापाने मेणबत्ती कशाला लावायची?"

"गोडिंग, तू गप्प बस. तुझी चाल आहे."

"दोन्ही चाली माझ्याच आहेत."

एका जोडीबद्दल मात्र गोडिंगसुद्धा चारचौघांत बोलायचा नाही. एक्केचाळीस नंबर. लिवाय आणि रोदांते. रोदांतेने नऊ वर्षांपूर्वी घर सोडलं आणि शेजारच्या गावात खाणावळ चालवणाऱ्या एका बाईकडे राहायला गेला. सिमांग चटई-उशी घेऊन तिथेही पोचली. तेव्हा रोदांते आणि ती खाणावळवाली यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. झारे फेकून मारण्यापर्यंत आलं होतं. आणखी दोन दिवसांत तो आपसूक घरी परतला असता. पण सिमांगने ठाण मांडलं. तिसऱ्या दिवशी खाणावळीच्या मागच्या बाजूने कुजबुज आली, "दोघं मिळून सांगू."

आज त्या दोघांना तीन मुलं आहेत.

भिंतीवर एक्केचाळीस नंबरचा फोटो तसाच राहिला. कुणी विचारलं की सिमांग म्हणायची, "नवरा बाहेरगावी कामाला असतो." नऊ वर्षं.

आणि मग मनिलात खालच्या सभागृहाने घटस्फोटाचं बिल पुढे सरकवलं.

गावाचे उभे दोन तुकडे झाले. मासळीबाजारात एका बाजूला 'हवा'वाल्या, दुसऱ्या बाजूला 'नको'वाल्या, आणि मधे मासा. इतके दिवस 'रद्द' हा एकच मार्ग होता: कोर्टाकडून लग्न मुळातच झालं नव्हतं असं लिहून आणायचं, आणि त्यासाठी दोघांपैकी एकाला 'मानसिक असमर्थता' होती हे सिद्ध करायचं. आता वादावादीत तो शब्द पोराटोरांच्या तोंडी बसला. भात करपला, मानसिक असमर्थता. गटार तुंबलं, वस्तीप्रमुख कपितानची मानसिक असमर्थता. सत्तर वर्षांच्या बासियांग आजीने तर कोंबडी अंडं देईना म्हणून कोंबडीवरच आरोप ठेवला.

चर्चच्या दारात बिलाविरुद्ध सह्यांचा कागद लागला. सिमांगने सातवी सही केली. पहिल्या सहा तिच्यापेक्षा उंच बायकांनी रेटारेटीत मिळवल्या होत्या.

मग फादर अनाक्लेतो स्वतः घरी आले. फादरांची बोलण्याची एक तऱ्हा होती. शेवटचा शब्द अर्धा सोडायचा आणि समोरच्याने पुरा करायचा. चाळीस वर्षं बालवर्गाला धर्मशिक्षण दिल्याचा परिणाम.

"सिमांग, रविवारी मिस्सानंतर बास्केटबॉलच्या मैदानात जाहीर चर्चा ठेवली आहे. बिलाच्या बाजूने बोलायला ती अ‍ॅटर्नी बेनिल्दा येणार. आणि आपल्या बाजूने कोण? सि—?"

"—मांग?" सिमांग म्हणाली.

"तुझी भिंत हाच आपला पु—?"

"—रावा, फादर."

"भाषण मी लिहून देतो. तू फक्त वाच."

फादर गेल्यावर सिमांगने भिंत पुसून काढली. एक्केचाळीस नंबरवरून फडकं जरा घाईने गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिवाय आली. वय चौतीस, शाळेच्या उपाहारगृहात कामाला, बोलणं हळू. तिने रिवाजाप्रमाणे सिमांगचा हात आपल्या कपाळाला लावला आणि बसली. दोन सुमान संपेपर्यंत हवापाण्याचं झालं.

"निनांग, गुरुवारी माझ्या केसची तारीख आहे. लग्न रद्द करायची."

"आला, ए! कसलं रद्द? नवरा बाहेरगावी कामाला आहे तुझा."

"निनांग, त्याला तिकडे तीन मुलं आहेत."

"तेच म्हणते मी. काम वाढलंय."

लिवायला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "अ‍ॅटर्नी बेनिल्दा म्हणतात, तो लग्नाआधीपासूनच 'असमर्थ' होता, हे सांगणारं कुणीतरी हवं. लग्नानंतरचं सांगून उपयोग नाही. आधीचं. आणि आधीचं फक्त तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"लग्नाच्या आदल्या दुपारी मी इथे आले होते. याच खुर्चीवर. मी सांगितलं, त्याने लग्नाचे बूट कोंबड्यांच्या झुंजीत पैजेवर घालवलेत. सांगितलं, तो म्हणतो, 'करून बघू, आवडलं तर राहीन.' मी म्हटलं, निनांग, मला नको हे लग्न. आठवतंय, तुम्ही काय म्हणालात?"

सिमांग टेबलावरची केळीची पानं एकावर एक रचू लागली.

"तुम्ही म्हणालात, 'आता डुक्कर कापलंय.'"



"सगळेच पुरुष तसं बोलतात," सिमांग म्हणाली. "गोडिंगही बोलला असेल."

"मी म्हटलं होतं, 'आवडलं नाही तरी राहीन,'" ओट्यावरून गोडिंग म्हणाला. "आणि राहिलो."

"मला इस्कोशी लग्न करायचंय, निनांग," लिवाय म्हणाली. इस्को म्हणजे बेकरीवाला. सात वर्षं तो रोज सकाळी गरम पांदेसालची पिशवी लिवायच्या फाटकाला अडकवून जायचा, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायचा नाही. परस्त्रीच्या घरात कसं जायचं? गावात असा पापभीरू माणूस दुसरा नव्हता, आणि गरम पाव नेहमी फाटकावर गार व्हायचा. "तो चर्चमध्येच लग्न करीन म्हणतो. आधी कोर्ट, मग चर्चचं कोर्ट. इतकी वर्षं थांबलो, आणखी थांबतो म्हणतो. मला नाही थांबवत. गुरुवारी तुम्ही खरं सांगितलंत तर होईल. नाही सांगितलंत तर अ‍ॅटर्नी म्हणतात, नाही होणार."

"रविवारी मला भाषण आहे," सिमांग म्हणाली, जणू ते उत्तर होतं.

लिवायने पुन्हा तिचा हात कपाळाला लावला आणि गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

रात्रीच्या जेवणाला गोडिंगने ताटाकडे बघत गणित मांडलं. "हे बघ, रद्द म्हणजे काय? झालंच नाही. मग तू लावलीस किती? शहाऐंशी. टिकली किती? शहाऐंशी. पैकीच्या पैकी!"

सिमांगचा चेहरा असा उजळला की गोडिंगला आपण वकील का झालो नाही असं वाटून गेलं. पण घास तोंडाशी नेता नेता तो पुन्हा मावळला.

"पण ते डुकराचं सांगावं लागेल."

"ते लागेल."

"सगळ्यांसमोर."

"न्यायाधीशासमोर. म्हणजे सगळ्यांसमोरच. त्याची बायको मासळीबाजारात येते."

"एकदा हे सांगितलं, की मला कोण बोलावील रे, गोडिंग? आणि ज्यांनी आजवर बोलावलं त्या बायका आपापल्या घरी आठवत बसतील, मी त्यांना काय म्हटलं होतं."

 गोडिंगने तिला माशाचं डोकं वाढलं. ते तो एरवी कुणाला देत नसे.

रविवारी मैदानाच्या पत्र्याखाली अख्खा गाव जमला. मंच बास्केटच्या बरोबर खाली. आदल्या दिवशीच्या सामन्याचा फलक पुसायला कुणाला सुचलं नव्हतं. फादरांच्या डोक्यावर 'यजमान ५८' आणि अ‍ॅटर्नी बेनिल्दांच्या डोक्यावर 'पाहुणे ६१'. फादरांनी वर बघितलं आणि खुर्ची थोडी सरकवून घेतली.

सूत्रसंचालन वस्तीच्या कपितान रुपेर्तोकडे. "हॅलो, चेक, चेक. ऐकू येतंय? हा माइक माझ्या कारकिर्दीत घेतला. हा पत्राही. तर मंडळी, जगात घटस्फोट नसलेल्या जागा दोनच: आपण आणि व्हॅटिकन. आणि व्हॅटिकनात नवरा कोण, बायको कोण, ते मी विचारणार नाही, कारण फादर इथे बसलेत."

फादर हसले नाहीत, म्हणून बाकीचे पोट धरून हसले.

अ‍ॅटर्नी बेनिल्दा औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा एका दमात बोलल्या. "पहिला मुद्दा, हे बिल कुणालाही घटस्फोट घ्यायला लावत नाही. दुसरा मुद्दा, सुखी माणसाने घाबरायचं कारण नाही. तिसरा मुद्दा, आज रद्द करायचं तर एकाला दुसऱ्याला असमर्थ ठरवावं लागतं, साक्षीदार लागतो, वर्षं जातात, आणि गरिबाला ते झेपत नाही. चौथा मुद्दा—" इथे त्यांना श्वास लागला आणि चौथा मुद्दा राहून गेला.

मागून कुणीतरी ओरडलं, "पण बाई, पळवाट दिसली की माणूस पळतोच!"

"वाट नसतानाही पळतातच की!" बायकांच्या बाजूने उत्तर आलं. "माझा पळाला. भिंतीवरून!"

मग सिमांगची पाळी. टाळ्यांनी पत्रा थरथरला. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. कपितानने तो खाली केला आणि मग आणखी खाली केला.

तिने फादरांचा कागद उघडला. "देवाने जे जोडलं, ते माणसाने तोडू नये. मी सत्त्याऐंशी लग्नांची निनांग. त्यांतलं एकही तुटलं नाही." टाळ्या. "हे कसं झालं? प्रार्थनेने."

"चटईने!" बारा नंबरचा क्रिस्पुलो ओरडला. हशा.

"घोरण्याने!" हे त्रेपन्न नंबर.

"निनांग, खरं सांगू? तुम्ही जावं म्हणून आम्ही भांडण मिटवलं!"

"आम्हीपण!"

"अहो, आम्ही तर अजून भांडण झालं की एकमेकांना धमकी देतो, बोलावू का सिमांगला?"

सगळं मैदान लोळत होतं. सिमांग गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने गोडिंगकडे बघितलं. तो आपल्या टोपीत बघत होता. चाळीस वर्षं लावलेल्या मेणबत्त्या तिच्या डोळ्यांपुढून एकेक करून विझत गेल्या असतील. पण फादर तयारीचे.

"बघितलंत?" ते उठून म्हणाले. "मार्ग कोणताही असो, लग्न टि—?"

"—कलं!" मैदान गरजलं.

"वाच, सिमांग, वाच. शेवटचं वाक्य."

सिमांगला धीर आला. तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "आणि या सत्त्याऐंशी मुलींपैकी एकही—"

पुढचे शब्द 'मनाविरुद्ध वेदीपाशी आली नाही' असे होते. ते फादरांच्या मोठ्या, गोल अक्षरात होते, न दिसायला काही कारण नव्हतं. सिमांगने मान वर केली. चौथ्या रांगेत लिवाय बसली होती. तिने डोळे मोठे केले नाहीत, मान हलवली नाही, काही नाही. ती आपली चप्पल बघत होती, उपाहारगृहातल्या कामाने पिवळी पडलेली. तिच्यामागे, मैदानाच्या फाटकाबाहेर, इस्को उभा होता. आत यायला त्याला कुणी मनाई केलेली नव्हती. सवय, दुसरं काय.

"एकही—" सिमांग पुन्हा म्हणाली आणि थांबली.

कपितान धावत आला आणि माइकवर टिचक्या मारू लागला. "हॅलो, चेक, चेक."

"माइक बरा आहे, कपितान," सिमांग म्हणाली. "वाक्य बिघडलंय."

कुणीतरी हसलं, एकट्याने.

"सत्त्याऐंशी नाही. शहाऐंशी म्हणा. एक मुलगी नको म्हणाली होती. आदल्या दिवशी. मला येऊन सांगितलं तिने, दुसऱ्या कुणाला नाही. मी तिला बोलू दिलं नाही."

सगळ्या माना चौथ्या रांगेकडे वळल्या.

"तिच्याकडे काय बघता? इकडे बघा! उंची कमी असली तरी दिसते मी!"

माना परत वळल्या.

"सिमांग," फादर हळूच म्हणाले, "आपण काय ठर—?"

त्यांचं ते वाक्य कुणी पुरं केलं नाही. पोरांनीही नाही.

"म्हणजे आलिंग सिमांग बिलाच्या बाजूने गेल्या!" मागून आरोळी आली.

"कोण गेलं? मी विरुद्धच आहे! सही केलीय, जा बघ दारावर, सातवी. पण मी खोटं वाचून विरुद्ध होणार नाही. खरं सांगून विरुद्ध होता येत असेल तर होईन. नसेल येत, तर फादरांना विचारेन कसं व्हायचं ते." तिने कागदाची घडी केली, फादरांच्या हातात दिली, आणि मंचावरून उतरताना एका पायरीवर थांबून म्हणाली, "आणि क्रिस्पुलो, तुझ्या घरी माशात मीठ अजूनही कमीच असतं."

चर्चा कोण जिंकलं, ते ठरलं नाही. फलकावर ५८-६१च राहिलं.

संध्याकाळी फादर आले. न बोलावता बसले, न विचारता कॉफी घेतली.

"माझी सभा पा—" ते म्हणाले.

"—डली, फादर. माफ करा."

"एका मुलीने नको म्हटलं, आणि तू मला तेव्हा सांगितलं नाहीस. आशीर्वाद मी दिला होता, सिमांग. दोन्ही हातांनी." त्यांनी कप खाली ठेवला. शब्द या वेळी पुरे होते. "गुरुवारी जा. शपथेवर विचारतील ते सांग. बिलाचं मी बघतो. त्याच्या विरुद्ध मी मरेपर्यंत आहे. पण हे वेगळं आहे."

दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "आणि ते वाक्य मी तुला न विचारता लिहायला नको होतं."

सोमवारी दोन घरांतून निरोप आला, की यंदाच्या लग्नात निनांग म्हणून दुसरीच बाई ठरली आहे, राग मानू नये. सिमांगने राग मानला, दोन दिवस सुमान खारट केली, आणि गुरुवारी चांगला झगा घालून कोर्टात गेली.

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा. रोदांते आला नव्हता, समन्सला त्याने उत्तरही दिलं नव्हतं. पण लग्नाच्या बाजूने सरकार आलं होतं. कायदाच असा, की नवरा-बायकोने संगनमत करून लग्न बुडवू नये म्हणून सरकारी वकील लग्न राखायला उभा राहतो. हा वकील तरुण होता, नाकाने बोलायचा, आणि त्याच्या हातात चर्चच्या दारावरच्या सह्यांची नक्कल होती.

"तुमची सही सातवी?"

"पहिली असती. मला मागे रेटलं."

"म्हणजे लग्न मोडू नये असं तुमचं मत. आणि आज इथे लग्न मोडायला आलात?"

सिमांगने अ‍ॅटर्नी बेनिल्दांकडे बघितलं. त्यांनी घरी दहादा पढवलं होतं: मोडणं नाही, हे लग्न झालंच नव्हतं, म्हणा. गोडिंग मागच्या बाकावरून शहाऐंशी बोटं दाखवता येत नाहीत म्हणून नुसता पंजा हलवत होता.

"वकीलबाई म्हणतात, हे झालंच नव्हतं," सिमांग म्हणाली.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, झालं होतं. तीनशे माणूस जेवलं."

अ‍ॅटर्नी बेनिल्दांनी कपाळाला हात लावला. गोडिंगचा पंजा खाली गेला. न्यायाधीश, एक थकलेले, जाड भिंगाचे गृहस्थ, पहिल्यांदाच पुढे वाकले.

"झालं की नाही झालं, ते ठरवायचा पगार मला मिळतो, आलिंग. तुम्ही काय बघितलं आणि काय ऐकलं, तेवढंच सांगा."

मग सिमांगने सांगितलं. बूट झुंजीत गेले तेही, आणि नवरदेव भावाचे दोन नंबर मोठे बूट घालून आला, गुडघे टेकून उठताना बूट तिथेच राहिला, तेही. 'करून बघू, आवडलं तर राहीन,' हे रोदांते तिच्या स्वतःच्या तोंडावर म्हणाला होता का, असं सरकारी वकिलाने विचारलं.

"नाही. मुलीने सांगितलं. पण लग्नाच्या सकाळी मी त्याला दटावलं, असं बोलतात का? तर तो हसून म्हणाला, 'का? खोटं आहे का?' हे माझ्या तोंडावर."

अ‍ॅटर्नी बेनिल्दांचा हात कपाळावरून खाली आला. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"म्हणजे," सरकारी वकील नाकातून म्हणाला, "नवरदेवाला लग्नाचा अर्थ कळत नाही, हे तुम्हाला वेदीपाशी जायच्या आधीच ठाऊक होतं. वधूची इच्छा नाही, हेही ठाऊक होतं. तरी निनांग म्हणून सही केलीत. मग तेव्हा गप्प का बसलात?"

 सिमांगने उत्तर दिलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात की टंकलेखन करणाऱ्या बाईची बोटं थांबली.

"माफ करा, शेवटचं ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सांगता?"

सिमांगने लिवायकडे बघितलं. लिवाय आज चप्पल बघत नव्हती.

"लिहून घे," सिमांग म्हणाली, आणि आता आवाज तिचाच होता, बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या इस्कोपर्यंत पोचणारा. "तिने नको म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. मला लग्नात पुढे उभं राहायचं होतं."